बायकोचा आवाज मी घालवला

बायको आजारपणात गोरेगावला लेकीकडे होती. मी इकडे कुडव्याला गाईपायी अडकलो होतो. रोज तिचा फोन यायचा. ते बोलणं माझ्या मोबाईलच्या मेमरी कार्डात आपोआप भरून राहायचं, हे मला ती वारल्यावर कळलं. "जेवले का? खोटं नोका सांगू. गाईले पाणी पाजलं का?" असंच सारं. आठ महिने मी रोज त्यातलं एक ऐकत होतो.

मग एक दिवस मोबाईलनं इंग्रजीत काही तरी विचारलं. मी हो दाबलं. सारं पुसलं गेलं.

चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देणारी एक बाई आहे. तिच्याकडे गेलो. "घाबरू नोका काकाजी," ती म्हणाली, "कार्डावर नवीन काही भरू नोका, मंग पुसलेलं काढता येते. त्याचं सॉफ्टवेअर राहते." तिनं ते नेटवरून उतरवलं, पण उघडलं नाही. आधी तपासत बसली. लाल अक्षरं आली.

"जुळत नाही जी. बनवणारा याच्यावर आपली डिजिटल सही करते. मधात कोणी एक अक्षर बदललं तरी ते जुळत नाही. याच्यात कोणी तरी हात घातला. मी नाही चालवत. उद्या या, बनवणाऱ्याच्याच वेबसाइटवरून काढून, तपासून ठेवते."

माझं डोकं फिरलं. बायकोनं जन्मभर बिड्या वळल्या. अंगठ्याच्या रेघा झिजून सपाट झाल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीन दर महिन्याला सांगायची, जुळत नाही. बायको थैली घेऊन समोर उभी, सारं गाव तिला ओळखते, आन मशीन म्हणते ही ती नव्हेच. मी बोंबललो की धान्य मिळायचं. मशीनचं नाही म्हणजे खोटं, एवढंच मी शिकलो होतो.

"तुही मशीन झूट बोलते. चालव."

"नाही चालवत."

"तुह्या नवऱ्याचा आवाज असता त चालवलं असतं का नाही?"

तिचा नवरा दोन वर्षांमागं गेला. मला ठाऊक होतं, म्हणूनच बोललो. तिनं कार्ड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

त्याच दुपारी ऑटोनं गोंदियाला गेलो. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, "हो जाएगा चाचा." जे पहिलं दिसलं ते त्यानं उतरवलं आणि चालवलं. तपासलं काहीच नाही. मला बरं वाटलं. घडीभरात कार्ड भलत्याच नावांच्या फायलींनी भरून गेलं. एकही उघडेना.

"वायरस था चाचा," म्हणाला, आणि चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या बाईसमोर उभा राहिलो. सांगितल्याप्रमाणं तिनं खरं सॉफ्टवेअर काढून ठेवलं होतं, सही जुळलेलं. तिनं कार्ड लावून तासभर शोधलं.

"जिथं आवाज होता, तिथंच हा कचरा बसला."

"काल थांबलो असतो त?"

काही तरी गोड बोलेल असं वाटलं.

"निघाला असता," ती म्हणाली.

मी बाकड्यावर बसून राहिलो. दोन गिऱ्हाईकं येऊन गेली. मग म्हणालो, "तुह्या नवऱ्यावरून बोललो मी."

"हाव," ती म्हणाली. "बोलले."

आणि कार्ड कागदात गुंडाळून माझ्यापुढं सरकवलं.