धुरपताबाईच्या घरातली शिट्टी

आमच्या देगलूरच्या गल्लीत धुरपताबाईइतकी धीट बाई नाही. चाळिशीत तापानं तिचे कान गेले. तेव्हापासून ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. नवरा भीमा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, राखणदार होता. तो दिवाळीत वारला आणि बाई एकटी पडली.

तिचा मुलगा विनोद हैदराबादला असतो. त्यानं स्वयंपाकघराच्या छताला धुराचं यंत्र बसवलं. धूर झाला की पलंगापाशी दिवा लुकलुकणार, उशीखालची चकती थरथरणार. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तो मला म्हणाला, "सिंधुकाकू, महिन्याला स्टुलावर चढून बटण दाबा. चकती हलली न्हाई तर सेल बदला." मी हाव म्हणाले.

मग उन्हाळ्यात, भर दुपारी, तिच्या घरातून शिट्टी आली. बारीक, एकच. सगळं चिडीचूप. थोड्या वेळानं पुन्हा एकच. मोंढ्यात भीमा अशीच मारायचा. आमच्याकडं एकट्या हाकेला ओ देत नाहीत. जोडून दुसरी आली तरच माणूस समजायचं. दुकानदार शिवशंकर म्हणाला, "भीमाच हाय. तिकडं फिरकू नका."

बाई दारात शेंगा फोडत बसायची. मागं शिट्टी वाजायची, तिची मान वर नाही. बघून अंगावर काटा यायचा. मी बारावी शिकलेली, पण दार लावून घ्यायची. बटणाचं नावच नको!

सोळा दिवसांनी शिट्टी थांबली. गल्लीनं नारळ फोडला, खोबरं मीही खाल्लं.

तिसऱ्या दुपारी तिच्या खिडकीतून धूर निघाला. गॅसवर शेंगदाणे ठेवून तिचा डोळा लागला होता. मी बावळट, दारातून तिच्या नावानं ओरडत राहिले. मग आत शिरले. धुरात ती निवांत निजलेली; दिवा बंद, चकती गप्प. हाताला धरून बाहेर ओढली.

विनोदला फोन लावला. "सेल संपत आला की ते शिट्टी मारतंय, काकू. ऐकलं न्हाई का कोणी?"

मी बाईसमोर बसून, सावकाश ओठ हलवत शिट्टीचं सगळं सांगितलं.

"सगळ्यायला ऐकू येत होतं?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"म्हणून येत नव्हतात व्हय? मी आपली इचार करून राहिले, माझं काय चुकलं, घरी कुणीच का येईना."

मला तिच्याकडं बघवेना.