चार बोटं गोफ

माझ्या सासऱ्यांच्या कमरेला एक चाकू असे आणि त्या चाकूला एक गोफ असे. चाकूबद्दल माझी काही तक्रार नव्हती. गोफ माझ्या साडूनं केलेला होता.

एवढं बोलून थांबलो तरी आमच्या घरातल्या माणसांना पुढचं सगळं कळतं. त्यांनी ते माझ्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय, आणि दर वेळी मी त्यात आधीपेक्षा थोडा शहाणा झालेला असतो. आज लिहायलाच बसलोय, तर जसा होतो तसाच लिहितो.

सासरे नांदूरघाटच्या अंगाचे. जमिनीच्या पैमाइशीला, मोजणीला, आलेला एक अंमलदार तापानं त्यांच्या ओसरीवर आठ दिवस पडून राहिला होता. सासूबाईंनी त्याला पेज करून घातली, आणि बरा होऊन जाताना तो हा घडीचा चाकू देऊन गेला. दोन पाती, शिंगाची मूठ आणि मुठीच्या बुडाला एक कडी. त्या काळी आमच्या भागात घडीचा चाकू म्हणजे मोठी चैन. तंबाखू कापायची, पायातला काटा काढायचा, मेंढराचा वाढलेला खूर तासायचा, सगळं त्यानंच. पण बंडीच्या खिशात ठेवला की वाकताना पडणार, आणि गवतात पडलेला चाकू दुसऱ्यालाच सापडतो. म्हणून गोफ. एक टोक चाकूच्या कडीत, दुसरं कमरेच्या करदोड्याला.

तिथला पहिला गोफ माझा होता, हे नोंदवून ठेवतो. मी थोरला जावई. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नारायणगडच्या जत्रेतून तांबडा रेशमी गोफ आणून मी सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी मोठ्या कौतुकानं तो बांधला. पहिल्याच घामाला त्याचा रंग उतरला आणि सासऱ्यांच्या धोतराला कमरेपाशी असा डाग पडला, की गावात चार जणांनी काळजीनं विचारपूस केली. तरी त्यांनी तो वर्षभर वापरला. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं.

आमच्यात काही घरं शेतीची, काही मेंढरांची. माझं घर मांजरसुंब्याच्या घाटावरचं, शेतीचं. दोर, कासरे, शिंकी असलं सगळं आम्हांला बलुत्यातून यायचं. अगदीच अडलं तर मांडीवर अंबाडी वळून दावं करायचो, बस. साडूचं घर मेंढरांचं. तो माणूस चालता चालता हातात चाती फिरवून लोकर कातायचा, आणि बसला की ती विणायचा. त्यानं काळी लोकर आणि पांढरी लोकर घेऊन सासऱ्यांना आठ पेडांचा चौकोनी गोफ करून दिला. बोटाएवढा जाड, पण हातात घेतला तर सापाच्या पिल्लासारखा मऊ. एका अंगानं काळे चौकडे, दुसऱ्या अंगानं पांढरे. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा माझा तांबडा गोफ वासराच्या गळ्यात होता.

वासरू गोड होतं. तरीही.

आमच्याकडे धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. त्यामुळे कुणी चाकू मागितला की सासरे करदोड्यातून गोफ सोडवायचे आणि चाकू जमिनीवर ठेवायचे. ठेवताना गोफाचं वेटोळं अशा बेतानं घालायचे, की घेणाऱ्यानं विचारायलाच पाहिजे. तो विचारायचा. मग सासरे म्हणायचे, "धाकट्या जावयाचं काम हाय." मी शेजारी बसलेलो असायचो आणि छताकडे बघायचो.

मी गोफ शिकायचं ठरवलं. वर्षभर चोरून खपलो. खळ्यावर, गोठ्यात, जिथं कुणी नाही तिथं अंबाडीचे पेड पायाच्या अंगठ्याला अडकवून बसायचो. तीन पेडांची वेणी जमली. चार पेडांची जमल्यासारखी झाली. एक पुरा करून मी बायकोला दाखवला. तिनं तो हातावर तोलून बघितला.

"चाकूलाच बांधायचा हाय ना?"

"मग कशाला?"

"न्हाई, म्हणलं बैल न्यायचा हाय का काय आबांच्या घरी."

तो मी विहिरीवरच्या बादलीला लावला. अजून आहे. मजबुतीत तो कुणाला हार जायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायची आमची रीत. दोघांनाही एकदमच बोलावणं आलं. बरोबर न्यावं असं माझ्याकडे काही नव्हतं. साडू मात्र खांद्याला पिशवी आणि पिशवीत लोकरीचा गुंडा घेऊन आला. जावई म्हणून आला होता, पण हात रिकामा ठेवला तर त्याला करमायचं नाही.

आम्ही पंगतीला शेजारी बसलो. मी थोरला, म्हणून पहिला धोंडा माझ्या ताटात पडला. त्यावर तूप पडलं. मग साडूच्या ताटात धोंडा आणि तूप. सासूबाईंची वाटी माझ्या ताटावर जरा लवकर उचलली गेली, असं मला त्या वेळी पक्कं वाटलं होतं. आज तसं म्हणणार नाही. पण तेव्हा शपथेवर सांगितलं असतं.

जेवणं झाली. सासरे ओसरीवर कलंडले. पोट भरलेलं, म्हणून त्यांनी करदोडा सैल केला आणि चाकू गोफासकट कोनाड्यात ठेवला. साडू मेहुण्याबरोबर मेंढरं बघायला गेला. बायका आत जेवायला बसल्या. मी कोनाड्याकडे बघत बसलो.

मला चोरी करायची नव्हती. मला एवढंच बघायचं होतं, की पेड फिरतात कसे. बाहेरून कितीदा बघितलं तरी त्या चौकड्यांचा उलगडा होत नव्हता. शेवटाची गाठ सोडून अंगठ्याएवढं उसवायचं, वाट बघून घ्यायची, पुन्हा तसंच विणून गाठ मारायची, असा बेत. चाकू घेऊन मी परसातल्या कडब्याच्या गंजीमागं गेलो.

गाठ सुटली. एक पेड ओढला, तो निघाला. दुसरा निघाला. चौथा कुठून आला हे बघेपर्यंत पहिला कुठं होता ते विसरलो. अंगठ्याएवढ्याचं दोन बोटं झालं, दोन बोटांचं चार बोटं. हातात आठ टोकं लोंबायला लागली आणि प्रत्येक टोक सैल होऊन फुलायला लागलं.

इथं मी आमच्या घराण्याला शोभेल असं काम केलं. फुललेलं टोक पुन्हा घट्ट करायचं म्हणून तळहाताला थुंकी लावली, पेड मांडीवर ठेवला आणि हात पुढं ढकलला. अंबाडी अशीच वळतात. पण चातीवरची लोकर आधी एका अंगाला पिळलेली असते आणि मग दोन धागे उलट्या अंगाला एकत्र केलेले असतात. मी जितकं घट्ट करत होतो तितकं ते उकलत होतं. मला वाटलं जोर कमी पडतोय. म्हणून एकेक करत आठही पेड सगळा जोर लावून वळले. शेवटी माझ्या हातात चाकू, त्याला वीतभर सुरेख गोफ, आणि त्याच्या टोकाला कातरणीला आलेलं मेंढरू.

तेवढ्यात गंजीच्या कडेनं साडू आला. लघवीला आला होता, असं नंतर म्हणाला.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या प्रकाराकडे. थोरला जावई, धोंड्याला बोलावलेला, सासऱ्यांची वस्तू कोनाड्यातून उचलून कडब्यामागं उसवत बसलाय. त्यानं नुसता आवाज दिला असता तर त्या घरात मला पुन्हा मान वर करता आली नसती. त्याच्या जागी मी असतो तर दिला असता का, ह्याचा मी बरेचदा विचार केलाय आणि उत्तर मला आवडत नाही.

"कशापायी उसवला, साडूभाऊ?"

मी म्हणालो, "सैल झाला होता."

"व्हय, लई सैल झालाय." तो शेजारी उकिडवा बसला. "मामा जागे व्हायच्या आत घट करावा लागंल."

त्यानं चाकूची कडी माझ्याच पायाच्या अंगठ्याला अडकवली. पिशवीतून गुंडा काढला, बिघडलेली टोकं कापून टाकली आणि एकेका पेडाला नवी लोकर अशी जोडली की जोड मला समोर बसून दिसला नाही. मग आठही पेड माझ्या हातात दिले.

"मी?"

"मग कोण. धरा. चार मेंढरं ह्या कळपात, चार त्या. कडंचं मेंढरू मागनं पलीकडं जातंय. तिकडच्या चौघांच्या मधून वर येतंय, दोन हिकडं, दोन तिकडं. आन परत आपल्याच कळपात माघारी. आता पलीकडचं तसंच."

"एवढंच?"

"एवढंच."

वर्षभर जे मला खळ्यावर सापडलं नाही ते त्यानं चार वाक्यांत सांगितलं. एखाद्यानं आपलं गुपित जरा तरी राखून ठेवावं. कंजूषपणा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी विणत गेलो. तो मधून म्हणायचा, "ते न्हाई, ते न्हाई, कडंचं." एकदा म्हणाला, "एवढं आवळू नका, मरंल ते." स्वतः मात्र मान फिरवून ओसरीकडे लक्ष ठेवून होता. चार बोटं झाली. शेवटाची गाठ त्यानं मारली आणि आम्ही दोघं दोन वेगळ्या वाटांनी परत आलो. मी चाकू कोनाड्यात ठेवला आणि झोपेचं सोंग घेतलं.

सासरे उठले. चूळ भरली, चाकू घेतला, आणि बांधताना त्यांचा अंगठा गोफावरून खाली घसरत गेला, तो एका जागी थांबला. तिथून पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला, पुन्हा तिथंच थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. साडूकडे बघितलं नाही. तंबाखू कापली आणि खाल्ली.

मला वाटलं, सुटलो.

दिवस कलायला शेजारचे एक म्हातारे जावई बघायला म्हणून आले. सुपारी फोडायला त्यांनी चाकू मागितला. सासऱ्यांनी तो सोडवून खाली ठेवला, वेटोळं घातलं. म्हाताऱ्यानं विचारायचं ते विचारलं.

सासऱ्यांनी गोफ उचलून त्याच्यावर अंगठा ठेवला. "हितपर्यंत धाकटे जावई. हितून फुडं थोरले."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून बघितलं. वरचा भाग दगडी चिऱ्यांसारखा सरळ, खालची चार बोटं खडीच्या रस्त्यासारखी. "थोरले लई थोडे हायत की," तो म्हणाला. आतून कुणीतरी हसलं. माझी बायको असावी. मी कधी विचारलं नाही.

साडू म्हणाला, "शेवट अवघड असतोय, बाबा. सुरवात कुनीबी करतंय."

सासऱ्यांनी त्याच्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. त्यांना सगळं कळलं होतं. मी काय केलं तेही, आणि त्यानं काय झाकलं तेही. गोफासाठी त्यांनी त्याच्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. म्हणजे मी त्याचा गोफ बिघडवायला गेलो आणि त्याला त्याहून मोठं काहीतरी मिळवून देऊन आलो.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. तेवढा वेळ मला होता. ह्या खेपेला मी लोकर विकत घेतली, पीळ कुठल्या अंगाचा ते आधी बघितलं, मेंढरं कळपात घातली आणि काढली. किती गोफ उसवले त्याची गणती नाही. जो नेला तो माझा मलाच खरा वाटेना, इतका सरळ आला होता. काळा-पांढराच, पण मी त्याला टोकाला गोंडा लावला. साडूच्या गोफाला गोंडा नव्हता.

सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला, कुठंही थांबला नाही. "ब्येस झालाय, जावईबापू," म्हणाले. मला तेवढं पुष्कळ होतं. मी करदोड्याकडे बघत राहिलो. त्यांनी गोफ तंबाखूच्या चंचीला बांधला. चाकू होता तिथंच राहिला, वीतभर साडूचा आणि चार बोटं माझा.

त्या दिवशी साडू आणि मी दिवसभर ओसरीवर समोरासमोर बसलो होतो. सासरे मधे. दिवस मावळेपर्यंत चाकू चार वेळा बाहेर निघाला आणि चंची अकरा वेळा. अकराव्या वेळी मी साडूकडे बघितलं. तो मांडीवर लोकर घेऊन काहीतरी विणत होता. तो मोजत नव्हता. खरं सांगायचं तर मला त्याचा सगळ्यात जास्त हेवा त्या वेळी वाटला.