हिरव्या बांबूचं स्ट्रेचर

ताई त्या स्ट्रेचरवर झोपली म्हणून गेली का? आईला विचारलं, भटजींना विचारलं, डॉक्टरांनाही विचारलं. सगळे म्हणाले, जेवून घे. बाराव्याला तिची कॉलेजची दोस्तमंडळी आली, ती मात्र किस्से सांगत बसली. माणूस गेलं की किस्से कसे जमतात! अर्धे तर माझ्या टेम्पोत घडलेले.

*

ताई इंजिनिअरिंगला. सर म्हणाले, गावात जा, लोकांची अडचण शोधा, उपाय बनवा. मग ताई आणि तिच्या वर्गातले सावियो, मिथिला इब्रामपूरच्या डोंगरावरच्या वाडीत निघाली. ड्रायव्हर मी, सातवी नापास.

"तुमची अडचण काय?" ताईने विचारलं.

वाडीतली सत्यवतीआजी म्हणाली, "लोक येतत, इचारतत, नि चाय न घेताच जातत!"

चहा झाला तेव्हा खरं कळलं. वाडीला रस्ता नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली उतरवतात.

*

तिघांनी स्ट्रेचर बनवलं. मधे सायकलचं चाक, आणि लोकल मटेरियल म्हणून हिरवा बांबू! वाडीत नेलं तर सगळे दोन पावलं मागे सरले.

आजीच ताईला म्हणाली, "चेडवा, माका आताच पोचवतलंस काय गो?"

सावियो माझ्या कानात, "कुठे पोचवायचं?" त्याला तिरडी काय ठाऊक? त्यांच्यात पेटी!

*

ट्रायलला कोणी झोपेना. शेवटी ताईच आडवी झाली.

"अगो उठ! असा करू नये!" आजी ओरडली.

"आजी, मस्त झोप येते गो!" ताई हसत होती.

*

पुढच्या खेपेला बघतो तर स्ट्रेचरवर फणस! ताई रागावली.

"माणूस कधीतरी पडता," आजी म्हणाली, "फणस रोज पडतत!"

ताईने तिथूनच सरांना फोन लावला. "सर, युजर मिळाले!"

*

पावसात ताईला ताप आला, तो उतरलाच नाही.

वाडीवाल्यांनी स्ट्रेचर उचलून वेशीबाहेर टाकलं.

*

प्रोजेक्टच्या शेवटच्या भेटीला आम्ही तिघंच गेलो. आजीला दम लागला होता. खाली अॅम्ब्युलन्स उभी, आणि तिला खुर्चीत बसवत नव्हतं. सावियो धावत जाऊन स्ट्रेचर घेऊन आला.

"त्येच्यार नको," आजी धापा टाकत म्हणाली. "त्येना त्या चेडवाक खाल्ल्यान."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मीच त्यावर आडवा झालो. मिथिला किंचाळली. माझ्या आईचा विचार करून आजी रडायला लागली.

"उठ रे पुता! आवशीक आता तू एकटोच!"

"तू झोपत असशील तर उठतो," मी म्हटलं.