प्रज्ञानं यंत्राला कापड दाखवलं

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुटीबोरीच्या कंपनीत, कापड तपासायच्या टेबलाशी उभी होते. "ताई, पोरगी गेली वं..." तिच्या आईला एवढंच म्हणता आलं. जेमतेम तीस वर्षांची पोर, दोन महिन्यांचं आजारपण. असा राग आला मला! सव्वा महिना झाला, अजून येतो.

ही इंजिनिअर पोरगी कापडातले दोष पकडणारा कॅमेरा घेऊन आली, तेव्हाही मी रागातच होते. वीस वर्षं मी डोळ्यांनी करते ते हे डबडं करणार? ते शिकून आलं होतं दुसऱ्याच गिरणीच्या पांढऱ्या, तलम कापडावर. आमचं जाडंभरडं रंगीत कापड दिसलं, की दर हातभर कापडाला एकदा उगाच बोंबलायचं. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. नाही जमलं तर कॅमेरा परत, आणि प्रज्ञाही घरी. फोटोंवर 'चांगलं', 'वाईट' लिहून द्यायला माणसं मिळणार नव्हतीच. ती म्हणाली, "मावशी, उत्तरं नाही सांगत मी त्याले. नुसता आपला कपडा पाहू देते. दोष ओळखता येते त्याले, फक्त आपल्या कपड्याची सवय नाही."

मी हसले. पण तिनं हजारो फोटो दाखवले. ज्या फोटोंवर यंत्राला स्वतःच्या उत्तराची पक्की खात्री वाटली, तेवढेच धरून त्याला पुन्हा शिकवलं, आणि बोंब थांबली! प्रज्ञाबाई पेढे आणायला निघाल्या. तेवढ्यात उभी रेघ पडलेला तागा आला... यंत्र गप्प. "काहून वं, झोपलं का तुझं डबडं?" मी टोमणा मारला. पार तोंडघशी पडली बिचारी. मी फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. सगळे एकाच मागाचे! त्या मागाची धागे सारखे ठेवणारी फणी मोडकी, म्हणून तीच रेघ प्रत्येक फोटोत. "अवं, कपडा असाच असते, असं वाटून राह्यलं त्याले," मी तिला म्हटलं. रडली नाही ती. भर खात्यात माझ्या पाया पडली. मग आम्ही दोघी मागामागून माग फिरलो, सगळ्यांचं कापड गोळा केलं, पहिल्यापासून शिकवलं. मुदतीच्या दिवशी यंत्र तीनदा थांबलं, तिन्ही दोष खरे. तिसरा तर माझ्याही नजरेतून सुटलेला! पहिली टाळी मी वाजवली, हो, मीच.

गेल्या सोमवारी चौकड्यांचं नवं कापड आलं. यंत्रानं कधी न पाहिलेलं, आणि शिकवणारी नाही. मी सातवी शिकलेली बाई. पण तिनं दाखवलं होतं तसं दोन दिवस सगळ्या मागांचं कापड त्याच्यापुढून नेलं. उत्तर एकही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तागा सुरू केला. सरसर चालला... आणि थांबला. मी बोट फिरवलं. बारीकशी गाठ.

"पकडलं वं पोरी!" मी इतक्या जोरात ओरडले, की अख्खं खातं थांबलं.