खंडेनवमीचा स्विच

विमानतळावर वीज गेली तर काय होतं, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, काही होत नाही. दहा सेकंद दिवे जातात, मग जनरेटर भार घेतो आणि सरकत्या जिन्यावरच्या माणसाने मोबाइलमधून मान वर काढायच्या आत सगळं पुन्हा चालू. ते दहा सेकंद दहाच राहावेत म्हणून तळघरात चार माणसं वर्षभर राबतात. त्यातला मी एक. कुठल्या विमानतळावर ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती.

आमच्यात सगळ्यांत जुने होते ते काका. मूळचे मालवणकडचे, राहायला दहिसरला. काम मला त्यांनीच शिकवलं, तेही शिव्या घालत. बॅटरीचं पाणी बघ, डिझेलच्या टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढ, आठवड्यातून एकदा मशीनवर खरा भार टाक. मशीन दहा मिनिटं रिकामं चालवून कागदावर टिक करणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "बसलेलो बैल बरोच दिसता. नांगराक जुंपल्यार कळता," म्हणायचे.

शिफ्ट घेताना रजिस्टरवर सही करण्याआधी ते पॅनलवरच्या स्विचला बोट लावायचे. स्विच ऑटोवर असला तरच वीज गेल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. ऑटोवर आहे हे दारातूनही दिसायचं, तरी बोट लावायचेच. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. एकदा तोंडावर बोललोही, तर चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. धुऊनपुसून हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ. माळ पंख्याच्या जाळीला बांधायची म्हणजे हात आत जातो, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर मशीन थांबून विचारत नाही. म्हणून पूजेपुरता स्विच बंदवर करायचा. यात काही चुकीचं नव्हतं, दरवर्षीचंच होतं. बंद मी करायचो आणि नंतर ऑटोवर मीच आणायचो. त्या वर्षी मी स्विच बंद केला, माळ बांधली, आरती झाली, तोवर वरच्या मजल्यावरची माणसं प्रसादाला आली आणि मी पेढे वाटत सुटलो. काकांची शिफ्ट सुरू होत होती. त्यांच्या एका हातात नारळाची वाटी, दुसऱ्या हातात पेन.

"ऑटोवर केलंस मां रे?"

"हो काका, सगळं ओके."

मला खरंच वाटत होतं की केलंय. त्यांनी तशीच सही केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोट न लावता, माझ्या शब्दावर.

दुपारी चारच्या सुमारास वीज गेली. धावपट्टीचे जनरेटर वेगळे, ते लागले. आमच्याकडे होती इमारतीची जुनी बाजू, तिथल्या लिफ्ट आणि सामानाचे पट्टे. आमचं मशीन माळ घालून गप्प उभं होतं. सणामुळे शिफ्टला काका एकटेच, आणि तेही गच्चीवरचं पॅनल तपासायला गेलेले. अंधारातून जिने उतरून खाली येऊन स्विच फिरवेपर्यंत नऊ मिनिटं गेली. व्हीलचेअरवरच्या एक आजी तेवढा वेळ लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. त्यांना काही झालं नाही, पण बाहेर आल्यावर त्या लहान मुलासारख्या रडत होत्या, असं काकांनीच मला सांगितलं. मी त्या वेळी चारकोपला घरी चहा पीत होतो.

चौकशीला आम्हा चौघांनाही बसवलं. साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि म्हणाले, "सही माझी आहे साहेब. बघायचं काम माझं होतं."

मला तोंड उघडायचं होतं. आमची नोकरी कंत्राटी, वरचेवर नूतनीकरण, घरी दोन मुलं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मला त्यांची लाज वाटते. साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि मी इतरांबरोबर उठलो.

काकांना निवृत्तीला तीन महिने होते. ते तीन महिने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हातून शेवटचं एकदा मशीन चालू करून घेतात, सगळे भोवती उभे राहतात, टाळ्या होतात. काकांना खाली बोलावलंच नाही. डबा घेऊन ते मागच्या गेटने निघून गेले. मी जिन्याच्या खिडकीतून पाहत होतो, पण हाक मारली नाही.

निवृत्तीनंतर सव्वा वर्षाने, शिमगा झाल्यावर ते गेल्याचं कळलं. दहाव्या दिवशी दहिसरला गेलो. काकींनी पाणी दिलं, समोर बसल्या. जे बोलायला आलो होतो तेच बोललो. "काकी, त्या दिवशी स्विच मी विसरलो होतो. काकांची चूक नव्हती."

काकी जराही दचकल्या नाहीत. "माहीत आहे. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. मला म्हणाले, तो येतलो सांगूक, आलो काय त्याका काय बोलू नको."

मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "दीड वर्ष वाट बघितली हो त्यांनी तुमची."