जपानी पोरगी आणि आमचे मेव्हणे

आमच्या मेव्हण्यांकडून एखाद्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळवलेला माणूस हुबळी-धारवाडात अजून जन्माला यायचा आहे. मेव्हणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. धारवाडच्या कोर्टात उभी हयात दिवाणी वकिली केली आणि आता रायापूरला एकटेच राहतात. ‘जेवलात का?’ म्हणून विचारावं, तर ‘आमटी कुणी केलीय?’ म्हणतात. ‘तब्येत कशी आहे?’ म्हणावं, तर ‘कुणी काय सांगितलं तुम्हाला?’ प्रश्न वकिलानं विचारायचे आणि उत्तरं जगानं द्यायची, अशी वाटणी त्यांनी फार पूर्वीच करून टाकली आहे. त्यातही उत्तर पुरतं ऐकून घेतील तर शपथ. तुमचं वाक्य निम्म्यावर येतं तोवर त्यांचा पुढचा प्रश्न दारात उभा असतो.

एकदा ते मार्केटमधल्या आमच्या कापडाच्या दुकानात येऊन बसले असताना एक बाई शालू बघायला आल्या. मेव्हण्यांनी गादीवरूनच उलटतपासणी सुरू केली. कुणासाठी घेताय, नणंदेसाठी का, मग तिनं मागच्या कार्यात तुम्हाला काय दिलं होतं, ते तुम्हाला आवडलं होतं का? बाई विचारात पडल्या आणि शेवटी दोन टॉवेल घेऊन गेल्या. लग्नकार्यात त्यांची खुर्ची ठरलेली: पाठ भिंतीला, तोंड उजेडाकडं. बाजूनं येऊन कुणी बोलायला लागलं, तर त्याचं मनगट धरून त्याला समोर आणणार. “साक्षीदारानं समोर उभं राहून बोलायचं.” फोन तर घेतच नाहीत. “तोंड दिसत नाही त्याची साक्ष मी धरत नाही,” म्हणतात. आम्ही हे सगळं वकिलीच्या खाती टाकून हसत असू.

हसणं थांबलं ते आमच्या चिन्नूचं लग्न ठरल्यावर. चिन्नू ही आमची एकुलती एक मुलगी आणि त्यांची एकुलती एक भाची. आमच्याकडं मुलीला बोहल्यावर मामाच घेऊन येतो. मामा नसला तर लांबचा शोधून आणतात, आणि इथं सख्खा मामा वीस मिनिटांवर राहत असून त्यानं निरोप धाडला की लग्नाला येतो, पण मुलीला आणायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. कारण विचारायला मी रायापूर गाठलं, तर त्यांनी मलाच विचारलं, “हॉलला वर पत्रा आहे का स्लॅब?” मी म्हणालो, पत्रा. त्यांनी मान हलवली आणि चर्चा संपली.

घरात निदान झालं: मेव्हणे रुसले. लॅमिंग्टन रोडजवळचा हॉल त्यांना न विचारता ठरवला, म्हणून रुसले. वराच्या मामाचं नाव पत्रिकेत वर आलं, म्हणून रुसले. मामाचा रुसवा म्हणजे गंमत नव्हे. मी शाल घेऊन गेलो, धोतरजोडी घेऊन गेलो. वस्तू त्यांनी ठेवून घेतल्या आणि नकारही ठेवला. बायको स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणायची, मांडवात सगळे विचारतील, मुलीला आणायला तुझा अण्णा का नाही, तर मी काय सांगू?

अशात एका रविवारी मेव्हणे विद्यानगरला आमच्याकडं जेवायला आले. जेवणं झाल्यावर चिन्नूनं टीव्हीवर तिची जपानी मालिका लावली. तिला कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं, अशी मला ताकीद होती. नायिका एक पोरगेली डिटेक्टिव्ह. ती स्टेशनात, लोक विसरून गेलेल्या सामानाच्या खोलीत काम करते आणि एखाद्या छत्रीवरून, डब्यावरून माणसाचं बिंग शोधून काढते. बोलणं सगळं जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं पळतात. मराठी मालिका लागली की मेव्हणे ‘यात दम नाही’ म्हणून अंगणात जातात. त्या दिवशी गेले नाहीत. खुर्ची पुढं ओढून बसले आणि हरकती नोंदवायला लागले. हिचे डोळे एवढे कशाला? हिला वकीलपत्र कुणी दिलं? सगळ्या संशयितांना एका खोलीत का बोलावते, एखादा उठून गेला तर? खरा चोर ढसाढसा रडून कबूल झाला, तेव्हा तर ते भलतेच नाराज झाले. “असला कबुलीजबाब कोर्टात उभा राहत नाही.” पण मध्ये एक विनोद झाला आणि मेव्हणे हसले. आमच्या आधी हसले. मी अजून पहिल्याच शब्दावर होतो. एरवी ते आमचे चेहरे बघून, सगळ्यांच्या मागून हसतात.

चिन्नू टीव्हीकडं बघतच नव्हती. ती मामाकडं बघत होती.

भाग संपला. “पुढचा लाव की,” मेव्हणे म्हणाले. प्रश्नचिन्ह नसलेलं त्यांचं ते वाक्य मी कौतुकानं ऐकलं. चिन्नू उठली, त्यांच्याकडं पाठ करून कपाटाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, “मामा, चहा टाकू?” उत्तर नाही. तिनं पुन्हा विचारलं. मेव्हणे स्वस्थ. मग ती येऊन त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. मी पलीकडं पेपर धरून बसलो होतो.

“मामा, तुम्ही रुसला नाहीत,” ती सावकाश म्हणाली. “तुम्हाला ऐकू येत नाही.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेव्हण्यांनी उलट प्रश्न केला नाही.

“वर पत्रा, सगळं घुमणार. त्यात बँड, माईक. भटजी मागून सांगणार, मला कळणार नाही. तुला घेऊन भलत्याच वेळी निघालो तर लोक हसतील. माझ्यावर हसू देत गं, पण तुझ्या दिवशी नको.”

“कानाचं मशीन मिळतं की.”

“आहे कपाटात. घातलं की सगळी ताटं-वाट्या वाजतात. माणूस तेवढा ऐकू येत नाही.”

“मग माझा हात धरा. निघायच्या वेळी मी दाबते. तुम्ही नुसतं चालायचं.”

मेव्हण्यांनी तिचा हात धरून बघितला. मग त्यांच्यातला वकील परत आला. “कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही.”

मी पेपर आणखी वर धरला.

लग्नात मेव्हणे माझी शाल खांद्यावर टाकून चिन्नूला असे घेऊन आले, की बँडवाल्यांनीही क्षणभर त्यांच्या चालीनं वाजवलं असेल. भटजींचं बोलणं तर कुणालाच ऐकू येत नव्हतं. करवल्या चुकल्या, वराचे मामा चुकले, मी स्वतः भलत्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मेव्हणे तेवढे नेमक्या वेळी नेमक्या जागी पोचले. रुसवा शालीनं निघाला, असं बायको आजही चार बायकांत सांगते आणि मी मान डोलावतो.

चिन्नू आता बेंगळुरूला असते. मेव्हणे मात्र रविवारी न चुकता येतात. जेवण झालं की आम्ही दोघं ती जपानी पोरगी लावून बसतो. मला इंग्रजी अक्षरं वाचायला वेळ लागतो, हे त्यांनी कधीच ओळखलं आहे. मोठं वाक्य आलं की ते चित्र थांबवतात, माझे ओठ हलायचे थांबेपर्यंत वाट बघतात आणि मग पुढं सोडतात. चिन्नू असती तर तिनं भराभर वाचून दाखवलं असतं, असं दोघांच्याही मनात येत असणार. परवा निम्मा भाग झाल्यावर माझ्या लक्षात आलं, टीव्हीचा आवाज पहिल्यापासून बंदच होता. रिमोट आमच्या दोघांच्या मध्येच पडला होता. मी तो तसाच राहू दिला.