ऐन हंगामात प्रेंदा समुद्रावर गेली

डोंगरातल्या आमच्या नेनमाल गावात ऑगस्ट महिन्यात कुणी मरू नये म्हणतात. खांदा द्यायला माणूस मोकळा नसतो. राजधानीतले लोक उकाड्याला कंटाळून वर येतात, जर्मन येतात काठ्या टेकत, चेक येतात तंबू पाठीला बांधून. घराघरातल्या सगळ्या खाटा पाहुण्यांना जातात आणि घरची माणसं गवताच्या गंजीवर झोपतात. अशा ऐन ऑगस्टात प्रेंदा समुद्रावर सुट्टीला गेली. आमच्या खोऱ्यात अजूनही काहीजण म्हणतात, तेव्हा तिचं डोकं फिरलं होतं. प्रेंदा म्हणते, आधी फिरलं होतं, त्या दिवशी ठिकाणावर आलं.

तिचं माहेर नदीपलीकडचं. ती अकरा वर्षांची असताना, जुन्या कम्युनिस्ट राजवटीत, शाळेतली हुशार मुलं उन्हाळ्यात समुद्रावरच्या शिबिराला न्यायचे. त्या वर्षी तिचं नाव लागलं. आईने चादर फाडून तिला पोहायचा झगा शिवला. निघायच्या आदल्या दिवशी मास्तर घरी आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. प्रेंदाच्या जन्माआधी तिचा काका सीमा ओलांडून पळाला होता, ते वर कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

"पळपुट्याची पुतणी," मास्तर ओशाळून हसले. "साहेब म्हणाले, हिला समुद्र दाखवला तर ही पोहत इटली गाठेल."

"मला पोहता येत नाही," प्रेंदा म्हणाली.

"मग तर नकोच," मास्तर म्हणाले.

तो झगा पुढे धाकट्या भावाच्या लंगोटांना गेला.

एकोणिसाव्या वर्षी ती नेनमालमध्ये पाश्कच्या घरात आली. सहकारी शेतावर मका खुरपला. मग राजवट कोसळली आणि पाश्क ग्रीसमध्ये ऑलिव्ह तोडायला गेला, तो कितीतरी वर्षं तिकडेच राहिला. सासू, दोन पोरं, गाय आणि पडकं छप्पर हे सगळं हिने एकटीने सांभाळलं. पुढे डांबरी रस्ता आला, रस्त्यामागून परदेशी आले आणि त्यांच्यामागून पाश्कही आला. त्याने वरच्या मजल्यावर खाटा टाकल्या, फाटकावर 'पाश्कचं घर' अशी पाटी रंगवली आणि अक्रोडाखाली बाकावर बसून पाहुण्यांना घरची दारू, राकी, पाजत अस्वलाच्या शिकारीच्या गोष्टी सांगायला लागला. गोष्टी तो फार छान सांगायचा. धार, चीज, भाकरी, धुणं, चादरी हे सगळं बायकोकडे.

पाहुण्यांचा शिरस्ता ठरलेला असायचा. दोन-चार दिवस डोंगर, मग समुद्र. निघताना प्रेंदा त्यांना चीज-भाकरी बांधून द्यायची आणि ते गाडीतून हात हलवून ओरडायचे, "उद्या आम्ही पाण्यात!" समुद्र काही परदेशात नव्हता. गावातल्या दोदाच्या व्हॅनने सकाळी निघालं तर दुपारी वेलिपोयाच्या वाळूवर. पण वसंतात बटाटे असायचे, जूनमध्ये गवताची कापणी, शरदात चेस्टनट आणि राकीची भट्टी. हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद. "पुढच्या वर्षी जाऊ," पाश्क म्हणायचा. त्याने स्वतः लष्करात असताना दोन वर्षं समुद्रावर पहारा दिला होता. "काय बघायचंय त्यात? पाणी. आणि तेही खारट."

त्या ऑगस्टात राजधानीतून, तिरानाहून, एक दातांची डॉक्टर नवऱ्यासोबत आली होती. बाई बोलकी होती. संध्याकाळी सगळे लांब टेबलाभोवती बसले होते. प्रेंदा दुपारपासून विस्तवापुढे बसून फ्लिया करत होती. एकावर एक पिठाचा पातळ थर ओतायचा, वरून तापलेलं झाकण ठेवायचं, पुन्हा थर. तिचे गाल भाजून लाल झाले होते. ती ताट घेऊन बाहेर आली तशी डॉक्टरीणबाईने विचारलं, "मावशी, तुम्ही सुट्टीला कुठे जाता हो?"

उत्तर पाश्कने दिलं. "हिला कसली सुट्टी? लोक पैसे मोजून येतात तिथे ही फुकट राहते! हिची बारा महिने सुट्टीच!"

टेबल हसलं. कुणीतरी जर्मनांना भाषांतर करून सांगितलं, मग तेही हसले.

प्रेंदाने ताट खाली ठेवलं. सगळ्यांना वाढलं. पाश्कला शेवटी वाढलं, कडेचा करपलेला तुकडा. मग उभ्याउभ्याच म्हणाली, "परवा मी समुद्रावर जाणार आहे. रविवारी येईन."

पाश्क पुन्हा हसला. या खेपेला तो एकटाच हसला.

सकाळी गोठ्यात त्याने तिला गाठलं. "काल काय बोललीस ते?"

"ऐकलंस की."

"घर भरलंय माणसांनी. या महिन्यात जातं का कुणी?"

"सगळं जग याच महिन्यात जातं. त्यांच्या चादरी मीच धुते."

"लोक काय म्हणतील?"

"लोक कुठायत? समुद्रावर आहेत."

सून मिर्येता दाराशी बादली घेऊन उभी होती. तिचा नवरा जर्मनीत बांधकामावर होता. तिचा चेहरा पार उतरला. "आई, मी एकटीने कसं निभावू?"

"फ्लिया नाही जमली तर भाकरी वाढ," प्रेंदा म्हणाली. "आणि याला घे हाताशी. दोन हात आहेत त्याला, मी बघितलेत."

ठरल्या दिवशी ती काळा झगा घालून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून व्हॅनपाशी उभी राहिली. कॅफेबाहेर म्हातारे बसले होते. एकाने हाक मारली, "प्रेंदा, कुणीकडे? दवाखान्यात?"

"नाही. आंघोळीला."

दोदा चाक धरून बसला, पण गाडी काही हलवेना. "पाश्कला विचारलंस का?"

"त्याला ग्रीसला सोडलंस तेव्हा मला विचारलं होतंस?"

दोदाने किल्ली फिरवली.

वेलिपोयाला तिने किनाऱ्यामागच्या गल्लीत खोली घेतली. घरमालकीण नाजिफे, विधवा, साठीला टेकलेली. अंगणात अंजिराचं झाड आणि दोरीवर चादरीच चादरी. तिने प्रेंदाचे हात बघितले आणि म्हणाली, "तू काही गिऱ्हाईक दिसत नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेंदाने सवयीने अंथरूण घडी केलं आणि कोपऱ्यातला झाडू उचलला. नाजिफेने तो हिसकावून घेतला. "भाडं घेतलंय तुझ्याकडून. खाली बस." मग तिने कॉफी आणून पुढ्यात ठेवली. आजवर कुणी प्रेंदापुढे कॉफी आणून ठेवली नव्हती. आजारपणातही नाही. तिला हात कुठे ठेवावेत कळेना. कॉफी तिने इतकी घाईने प्यायली की जीभ पोळली.

किनारा माणसांनी फुलला होता. पाण्यापर्यंत छत्र्यांच्या रांगा होत्या. प्रेंदाने सगळ्यात पुढे, छत्र्या आणि लाटा यांच्यामध्ये, चादर अंथरली आणि बसली. लगेच लाल बनियनमधला एक आडव्या अंगाचा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून आला.

"मावशी, इथे चादर नाही टाकायची. ही हॉटेलची जागा आहे."

"हॉटेल कुठाय?"

"ते काय, मागे."

"मग हॉटेलने तिथे बसावं."

शेजारच्या छत्रीखाली दोन पोरी फिस्सकन हसल्या. तो माणूस तापला. "छत्री घ्या, नाहीतर पलीकडे कालव्याच्या तोंडाशी जा. तुमच्यासारखे तिकडेच बसतात."

"समुद्रही हॉटेलचाच का?"

"समुद्र नाही. वाळू."

"बरं," म्हणत प्रेंदा उठली, "मग मी समुद्रात बसते."

आणि ती झग्यासकट, रुमालासकट, त्याच्या समोरून चालत पाण्यात शिरली. रागात होती म्हणून भ्यायला सवडच मिळाली नाही. आमची नदी भर उन्हाळ्यातही हाडापर्यंत चावते. हे पाणी कोमट होतं, सकाळी गाईची कास धुवायला घेतात तसं. गुडघे बुडाले, झगा फुगून वर आला, तिने तो दोन्ही हातांनी दाबला. मग एक लाट थेट तोंडावर आली. खारट! इतक्या वर्षांत पाश्कने समुद्राबद्दल जे जे सांगितलं त्यातलं हे एक खरं निघालं, याचाच तिला जास्त राग आला. लाट फुटते तिथे ती फतकल मारून बसली. पाणी कमरेपर्यंत यायचं, खालची वाळू ओढून न्यायचं आणि तिला जरा जरा खाली बसवायचं. शिट्टीवाला काठावर बूट सांभाळत उभा राहिला. त्याने दोनदा शिट्टी वाजवली. प्रेंदाने मान वळवली नाही. ती समोर बघत होती. इटली कुठेच दिसत नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीला हे असं ओलांडता येईल असं वाटणारा साहेब केवढा घाबरट असला पाहिजे, हे मनात आलं आणि ती मोठ्याने हसली. बोटं सुरकुतली तेव्हा बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी आली. शिट्टीवाला आला, बोलला, गेला. तिसऱ्या दिवशी कोसोव्होच्या दोघी जावांनी तिच्या चादरीला लागून आपली चादर टाकली आणि कलिंगड कापलं.

फोन मात्र दिवसभर वाजायचा.

"चीजचं विरजण कुठाय?" पाश्क विचारायचा.

"मिर्येताला विचार."

"ती म्हणते तुला विचारा."

"फडताळात, वरच्या फळीवर."

थोड्या वेळाने पुन्हा. "गाय दूध सोडत नाही. मिर्येताला लाथ मारली तिने."

"तू बस मग. माझा रुमाल खुंटीला आहे, तो डोक्याला बांध म्हणजे तिला वाटेल मीच."

पाश्कने फोन ठेवून दिला. मिर्येताने नंतर सांगितलं की गोठ्याचं दार आतून लावलेलं होतं आणि दूध मात्र आलं.

शुक्रवारी दुपारी पाश्क स्वतः आला. अंगात कोट, पायांत बंद बूट, घामाने निथळत छत्र्यांमधून वाट काढत होता, प्रत्येक काळ्या कपड्याकडे वाकून बघत होता. आमच्याकडे बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेत नाही. "ए, ऐकलंस का" एवढ्यावर संसार होतो. पण तो भलतीकडेच चालला होता. प्रेंदा उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "पाश्क!"

आणखी दोन अनोळखी पाश्कनी वळून पाहिलं. आपला तिसरा.

"ऊठ," तो जवळ येऊन म्हणाला. "दोदा थांबलाय."

"रविवारी."

"गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. म्हणतात मी तुला उपाशी ठेवलं."

"उपाशी कसा ठेवशील? रांधत मीच होते."

"मग काय कमी केलं मी तुला?"

प्रेंदाने जरा विचार केला. "त्या दिवशी टेबलावर हसलास."

"गंमत केली गं."

"मला नाही हसू आलं."

तेवढ्यात शिट्टीवाला पोहोचला. "काका, इथे असं उभं राहायचं नाही. आणि यांना न्या बुवा घरी. चार दिवस डोक्याला ताप."

पाश्कची मान ताठ झाली. "माझी बायको कुठे बसेल ते तू सांगणार?"

"तूही तेच सांगायला आलायस की," प्रेंदा म्हणाली.

कोसोव्होवाल्या जावांनी कलिंगडाच्या फोडी तोंडाशीच धरून ठेवल्या. पाश्क एकदा शिट्टीवाल्याकडे बघत होता, एकदा बायकोकडे.  शेवटी तो चादरीच्या कडेला बसला आणि बूट काढायला लागला. नाडीची गाठ सुटत नव्हती. प्रेंदाने ती सोडवून दिली नाही. त्याने ती दातांनी सोडवली. शिट्टीवाला पुटपुटत निघून गेला.

पाश्कने कलिंगड खाल्लं, घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, जावांना अस्वलाची गोष्ट सांगितली. ऊन कललं तसा म्हणाला, "झालं ना आता? चल."

"रविवारी."

तो एकटाच परत गेला.

त्या रात्रीच्या जेवणानंतर नाजिफेने प्रेंदाला गच्चीवर नेलं. हवा स्वच्छ होती. उत्तरेला डोंगरांची निळी रांग उठली होती. "तिकडची ना तू? मी लहानपणापासून रोज बघते. एकदाही गेले नाही."

"कुणी अडवलंय?"

"ऑगस्ट," नाजिफे म्हणाली, आणि दोघी खिदळल्या.

रविवारी प्रेंदा घरी आली. नाक सोललेलं, रुमाल मिठाने कडक. दोन चेक पाहुणे अंगणात बटाटे सोलत होते, पाश्क काहीतरी करपलेलं घासत होता. मिर्येताच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, पण ती ताठ उभी होती. तिने सासूच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "आई, माझी पाळी कधी?"

"अरे, हे काय चाललंय घरात?" पाश्क घासता घासता ओरडला.

"गुरुवारी," प्रेंदाने सुनेला सांगितलं.

पाश्कने माफी मागितली नाही, प्रेंदाने मागायला लावली नाही. बायकोच्या सुट्टीचा विषय निघाला की तो अजूनही कुरकुरतो. पण फ्लियाचे पहिले तीन थर त्याला येतात. चौथ्याला हात भाजतो.

गेल्या ऑगस्टात व्हॅनमध्ये चौघी होत्या. प्रेंदा, मिर्येता, खालच्या आळीतली विधवा वितोरे आणि तिची नणंद, जिने लग्नापासून खिंड ओलांडली नव्हती. कॅफेबाहेरचे म्हातारे उठून उभे राहिले. "अगं, ऐन हंगामात अख्खं गाव ओस पाडता का? पाहुण्यांना कोण बघणार?"

"तुम्ही आहात ना," प्रेंदा खिडकीतून म्हणाली. "चुली पेटवा."

म्हाताऱ्यांना तोंड देत दोदा उगाच रेंगाळत होता, आरसा पुसत होता. तेव्हा प्रेंदा पुढे वाकली आणि तळहाताने हॉर्न दाबून धरला. गाडी हलेपर्यंत तिने हात काढला नाही.